खात्यावर पैसे आहेत, खर्च करता येत नाहीत: ग्रामपंचायत नक्की कुणाच्या हाताखाली?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. थेट निवडणुकीत सरपंच झालात, गाव तीन हजारांच्या आतबाहेरचं, पंधराव्या वित्त आयोगाचे नऊ लाख खात्यावर पडून. गावाला हवाय स्मशानभूमीचा रस्ता, कारण पावसाळ्यात तिरडी गुडघाभर चिखलातून न्यावी लागते. ग्रामसेवक म्हणतात, निधी बंधित आहे, म्हणजे ठराविक कामांनाच बांधलेला, रस्त्याला लावता येणार नाही. पंचायत समितीत विचारलं तर म्हणाले, काम आराखड्यात नाही. तुमचा सवाल असा की पैसे केंद्रानं दिले, अधिकार घटनेनं दिले, मग ही मधली माणसं कोण? आणि थेट दिल्लीला पत्र लिहिलं तर काही उपयोग होईल का?

पत्राचं आधी सांगून टाकतो. लिहा, हरकत काही नाही. ते दिल्लीहून मंत्रालयात येईल, मंत्रालयातून जिल्हा परिषदेत, तिथून पंचायत समितीत, आणि दोन-तीन महिन्यांनी तुमच्याच ग्रामसेवकाच्या टेबलावर ‘स्वयंस्पष्ट अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन पडेल. मी या खात्यात बत्तीस वर्षं काढली. आधी ग्रामसेवक, नंतर विस्तार अधिकारी (पंचायत). असे शेरे मी स्वतः मारलेत आणि तरुणपणी त्यांची उत्तरंही मीच लिहिलीत. (आता ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं आहे. माझ्या तोंडात जुनाच शब्द बसलाय, चालवून घ्या.)

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. ग्रामपंचायत स्वायत्त आहे का, हा एक. या नऊ लाखांतून रस्ता होईल का, हा दुसरा. पहिला सुटल्याशिवाय दुसरा सुटणार नाही असं तुम्हाला वाटतंय. माझा अनुभव उलटा आहे. रस्ता कुठे अडलाय ती एकेक गाठ सोडवायला बसलं की स्वायत्तता किती आहे आणि कुठे आहे ते समजत जातं. आणि बहुतेक गाठी दिल्लीत नसतात. एखादी असते. बाकीच्या मुंबईत, जिल्ह्याला, आणि एक-दोन तर आपल्याच कार्यालयाच्या कपाटात.

घटनेपासून सुरू करू. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि तिच्यासोबत २९ विषयांची अकरावी अनुसूची आली. शेती, पाणी, रस्ते, शाळा, आरोग्य, सगळं त्यात आहे. प्रशिक्षणात ही यादी वाचून दाखवली की सरपंच मंडळी खूश व्हायची. पण कलम २४३-जी नीट वाचा. तिथे म्हटलंय की राज्याचं विधानमंडळ कायदा करून पंचायतींना अधिकार देऊ शकेल. ‘देईल’ नाही, ‘देऊ शकेल’. म्हणजे ती अनुसूची हा तुमच्या नावचा सातबारा नव्हे, ती वाटणीची यादी आहे. फेरफार राज्यानं ओढायचा. काही विषयांचा ओढलाय, काहींचा अर्धवट, आणि काही अजून मंत्रालयाच्या दप्तरातच आहेत.

असं का केलं, त्याला कारण आहे. राजीव गांधींच्या काळात १९८९ साली याच विषयावर ६४वं घटनादुरुस्ती विधेयक आलं होतं. ते राज्यसभेत पडलं. विरोधकांचा मोठा आक्षेप हाच होता की दिल्लीला राज्यांना बगल देऊन थेट गावाशी व्यवहार करायचाय. मूळ घटनेत स्थानिक शासन हा राज्यसूचीतला विषय आहे. त्यामुळे पुढे जी दुरुस्ती पास झाली तिच्यात राज्यांचा हात वर ठेवूनच मांडणी झाली. निवडणूक, आरक्षण, पाच वर्षांची मुदत, ग्रामसभा, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग हे घटनेनं बांधून दिलं. काम, माणसं आणि पैसा मात्र राज्याच्या मर्जीवर सोडला.

ही मर्जी किती चालते ते तुमच्या स्वतःच्या निवडणुकीतच बघा. सरपंच थेट जनतेतून निवडायचा, हे राज्यानं २०१७ साली आणलं. सरकार बदललं, २०२० ला काढून टाकलं. पुन्हा सरकार बदललं, २०२२ ला परत आणलं. पाच वर्षांत तीनदा. यात दिल्लीला कुणी विचारलं नाही आणि गावाला तर नाहीच नाही. घटनेनं बांधून दिलेल्या गोष्टींचीही तीच कथा. पाच वर्षांत निवडणूक व्हायलाच हवी असं घटनाच सांगते, तरी बहुतेक जिल्हा परिषदांवर मार्च २०२२ पासून प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून फर्मावलं तेव्हा कुठे चाकं हलायला लागली.

आता ‘मधली माणसं कोण’ याचं उत्तर. ती माणसं दिल्लीच्या पैशापेक्षा जुनी आहेत. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून आपल्याकडे १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ७३व्या दुरुस्तीच्या तीस वर्षं आधी. ग्रामपंचायतीचा कायदा त्याच्याही आधीचा, १९५८ चा. तुमच्या कर लावण्याच्या अधिकारापासून तुम्हाला पदावरून काढण्याच्या कलम ३९ पर्यंत सगळं त्या राज्याच्या कायद्यात आहे. एक मात्र कबूल करायला हवं. इतर राज्यांच्या मानानं आपलं बरं आहे. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयानं २०२४ साठी राज्यांचा जो हस्तांतरण निर्देशांक काढला, म्हणजे कुठल्या राज्यानं पंचायतींकडे किती सोपवलं त्याची क्रमवारी, त्यात कर्नाटक, केरळ, तामिळनाडू आणि चौथा महाराष्ट्र. केरळनं मात्र १९९६ पासून आपल्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे सोडला. घटना तीच, ‘देऊ शकेल’ हा शब्दही तोच.

म्हणून केंद्र विरुद्ध गाव असं चित्र मनातून काढा. खेळ तिघांचा आहे. कायदा आणि माणसं राज्याची, मोठा पैसा केंद्राचा, आणि ज्याच्या दारात लोक भांडायला येतात ते दार तुमचं.

आता पैशाकडे येतो, कारण खरी दोरी तिथेच आहे.

७३व्या दुरुस्तीसोबत केंद्रीय वित्त आयोगाच्या कलमातही भर पडली: पंचायतींच्या साधनांना पूरक म्हणून राज्यांच्या तिजोरीत किती भर टाकायची तेही आयोगानं सुचवायचं. वाक्यरचना बघा, राज्यांच्या तिजोरीत. पैसा कायद्यानं राज्यामार्गेच येतो. चौदाव्या आयोगानं २०१५ ते २०२० साठी ग्रामपंचायतींना दोन लाख कोटींच्या घरात रक्कम सुचवली आणि ती फक्त ग्रामपंचायतींना. मधल्या दोन्ही पायऱ्या, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद, कोरड्या. त्या काळात आमच्या पंचायत समितीच्या सभेत एका जुन्या सदस्यानं टेबलावर हात आपटून विचारलं होतं, “मग आम्ही काय झेंडावंदनाला येतो का?” त्याचं चूक नव्हतं. पंधराव्या आयोगानं तिन्ही स्तरांना वाटा दिला. आपल्याकडे ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १०, जिल्हा परिषद १० टक्के.

पण दोरी आवळली ती दुसरीकडून. चौदाव्या आयोगाचा मूळ निधी बऱ्यापैकी मोकळा होता. २०२०-२१ ला निम्मा बांधला गेला. २०२१ ते २०२६ साठी ६० टक्के बंधित झाला: निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित, तोही पगार आणि आस्थापना सोडून.

तेव्हा तुमच्या नऊ लाखांबद्दल माझा पहिला प्रश्न: बंधित किती, अबंधित किती? हिशेबानं तीन लाख साठ हजार अबंधित असायला हवेत. पण प्रत्यक्षात तसं नसतं. अबंधित पैसा आधी उडतो, बंधित साचत जातो. मी तपासणीला जायचो तेव्हा ‘मोठी शिल्लक’ असलेल्या गावात उघडून बघावं तर बहुतेक सगळी बंधित. तुमच्या खात्यावर अबंधित लाखभरही नसेल तर ग्रामसेवक खरं बोलतोय. तीन-साडेतीन लाख असतील तर तो अर्धं खरं बोलतोय. रस्ते हा २९ पैकी एक विषय आहे आणि अबंधित निधीतून गावाच्या गरजेचा रस्ता होतो. शीर्षनिहाय शिल्लक लेखी मागा, तोंडी नको.

केंद्रानं पैसा बांधला याचा मला राग येतो का? निम्मा येतो. मोकळ्या पैशाचं काय होत होतं ते मी पाहिलंय. ज्या गावात उन्हाळ्यात हंडे रांगेत लागायचे तिथे स्वागत कमान उभी राहिली. पेव्हर ब्लॉकनं तर महाराष्ट्र झाकून टाकला, कारण त्याचं मोजमाप सोपं, काम आठ दिवसांत, आणि ठेकेदार उपसरपंचाचा मेहुणा. त्यामुळे पाण्याला बांधा म्हणणाऱ्यांचं मला पटतं. पटत नाही ते हे की एकच टक्केवारी देशभर. डोंगरातल्या वाडीला आणि कालव्याकाठच्या गावाला तेच प्रमाण. कालव्याकाठच्या एका गावात नळ होते, गटारं होती, खड्डे होते, तरी दरवर्षी त्याच खात्यात पैसे येत राहिले. शेवटी त्यांनी चांगली गटारं फोडून नवीन केली. आराखड्यात बसली, लेखापरीक्षणात बसली, अडकलं कुठेच नाही.

आणि राज्यही या पैशावर नजर ठेवून असतं, हे विसरू नका. रस्त्यावरच्या दिव्यांचं वीजबिल वर्षानुवर्षं वरून भरलं जायचं. २०२१ ला परिपत्रक आलं की ते पंधराव्या आयोगाच्या पैशातून भरा. गावोगावचे सरपंच खवळले, आणि बरोबरच होतं. केंद्राचा पैसा गावासाठी आला, आणि राज्यानं आपल्या अंगावरचं ओझं त्याच्यावर टाकलं. तक्रार दिल्लीकडे केली असती तर ती कुठल्या टेबलावर आली असती ते वर सांगितलंच आहे. उलट बाजूही सांगतो. केंद्राकडून हप्ता आला की राज्यानं तो दहा कामकाजाच्या दिवसांत खाली सोडायचा, उशीर झाला तर व्याजासकट, अशी अट होती. ही अट दिल्लीची आणि गावाच्या फायद्याची. रीतसर निवडून आलेली संस्था नसेल तर अनुदान नाही, हीही दिल्लीचीच. जिल्हा परिषदांवर प्रशासक असताना त्या अटीचा चटका बसला.

आता कपाटातली गाठ. पैसे ई-ग्रामस्वराज (पंचायतींच्या आराखड्यांचं आणि हिशेबाचं पोर्टल) आणि पीएफएमएस (सरकारी पैसे वळते करायची केंद्राची संगणक प्रणाली) यांतून निघतात. आधी काम आराखड्यात, मग त्याला नंबर, मग व्हाउचर. ग्रामसेवक तयार करणार, सरपंच मंजूर करणार, दोघांच्या दोन डिजिटल सह्या, प्रत्येकाची आपापल्या डोंगलमध्ये, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या उपकरणात. धनादेशाच्या काळात कोऱ्या चेकवर सह्या घेणारे ग्रामसेवक होते, म्हणून ही व्यवस्था आली. पण आता काय होतं? एका गावात मी अचानक गेलो होतो. कार्यालयाला सरपंच नाहीत, ग्रामसेवक दुसऱ्या गावाला, कारण त्याच्याकडे दोन गावं. आणि संगणक परिचालक पोरगा शांतपणे बसून एक डोंगल काढतोय, दुसरा लावतोय, एक काढतोय, दुसरा लावतोय. दोन्ही सह्या तोच करत होता. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला, निळ्या शाईत. सरपंचबाईंना विचारलं, तर त्यांनी आपला डोंगल कसा दिसतो हेही पाहिलेलं नव्हतं. पुढे त्याच गावात वसुली निघाली तेव्हा अर्धी रक्कम त्यांच्या नावावर लागली. ताई, स्वायत्ततेवर भांडण्याआधी तुमचा डोंगल कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे ते बघा. तो घरी न्या. कुणाला राग आला तरी न्या.

आराखड्याची गाठ याहून मोठी आहे, आणि ती पूर्णपणे आपली. गावाच्या विकास आराखड्याला दिलेलं ‘आमचं गाव, आमचा विकास’ हे नाव छान आहे. कायद्याच्या दृष्टीनं गावाच्या हातात असलेलं सर्वात धारदार हत्यारही तेच. काम कुठलं घ्यायचं ते ग्रामसभा ठरवते, वरचा कुणी नाही. पण आराखडे कसे व्हायचे? पोर्टलची मुदत संपायच्या आदल्या रात्री, तालुक्याला, एका खोलीत आठ ग्रामसेवक, आणि पहिल्यानं केलेला आराखडा बाकीचे सात गावाचं नाव बदलून भरणार. माझ्या तालुक्यातल्या एका आराखड्यात ‘शाळेस वॉल कंपाउंड’ असं काम आलं. शाळेला कंपाउंड आधीच होतं. शेजारच्या गावाचं काम चुकून उतरलं होतं. गावाला खरं हवं होतं ते विहिरीचं खोलीकरण, आणि ते आराखड्यात नसल्यानं वर्षभर करता आलं नाही. लोक म्हणाले, सरकारनं अडवलं. सरकारनं नव्हतं अडवलं.

तुमचा रस्ता बहुधा असाच राहिलाय. ‘काम आराखड्यात नाही’ हे पंचायत समितीचं उत्तर ऐकायला उर्मट वाटतं, पण ते बरोबर आहे आणि त्यावर उपाय आहे. ग्रामसभेत ठराव घेऊन पुरवणी आराखडा करता येतो. पोर्टल कधी आणि किती दिवस खुलं राहील ते मात्र वरून ठरतं, तिथे तुमचा इलाज नाही. म्हणून ठराव आधी तयार ठेवा. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते लागतात. नसतील तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तहकूब सभेत रस्त्याचा ठराव घेऊ नका, असं मी सांगेन. कायद्यानं चालतो, पण उद्या बांधावरच्या शेतकऱ्यानं हरकत घेतली तर शंभर लोकांच्या सह्यांचं रजिस्टर कामाला येतं.

इथपर्यंतचं एकदा जुळवून घेऊ. बंधित-अबंधित ही दिल्लीची गाठ, ती तुम्हाला सोडवता येणार नाही, वळसा घालता येईल. पोर्टल, इंजिनिअर, तांत्रिक मान्यता ही राज्याची आणि जिल्ह्याची. तिथे पाठपुरावा लागतो, भांडण नाही. आराखडा, डोंगल, ग्रामसभा या आपल्या. आता वळसा कसा घालायचा ते सांगतो, कारण मला वाटतं तुमचा रस्ता तिथूनच जातो.

तुमच्या ग्रामपंचायतीचा स्वनिधी, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, मुद्रांक शुल्काचा वाटा, बाजार असेल तर त्याची पट्टी, हा पैसा कुठे जातो बघा. रोकडवही उघडा आणि गेल्या वर्षीचा खर्च स्वतः वाचा. मी पैजेवर सांगतो, त्यात मोटार जळली म्हणून रिवाइंडिंग, पाइप फुटला म्हणून दुरुस्ती, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, गटार सफाई, घंटागाडीची दुरुस्ती हे सगळं असणार. हे पाणी आणि स्वच्छता नाही तर काय आहे? देखभाल-दुरुस्तीला बंधित निधी चालतो, फक्त पगाराला चालत नाही. म्हणजे बंधित खात्यावर लाखो रुपये साचलेत आणि मोटारीचा खर्च मात्र स्वनिधीतून भरतोय. हा खिसा त्या खिशात करा. पाण्या-स्वच्छतेचा जेवढा खर्च बंधितमधून उचलता येईल तेवढा आराखड्यात घालून उचला, मग स्वनिधी मोकळा होतो. आणि स्वनिधीवर दिल्लीची कुठलीही टक्केवारी चालत नाही. त्यावर राज्याच्या अटी आहेत: १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. ते बाजूला काढा, उरलेल्यात रस्ता बसतो का बघा.

एका गावात हा उद्योग आम्ही केला तेव्हा सरपंच मला म्हणाला, “साहेब, हे आधी का नाही सांगितलं?” सांगितलं नव्हतं, कारण मलाही तोवर सुचलं नव्हतं. मी इतकी वर्षं फक्त ‘बंधित आहे, जमत नाही’ असाच शेरा मारत होतो. नियम पाळणं आणि नियमात जागा शोधणं यात फरक आहे हे मला जरा उशिरा कळलं.

स्वनिधी बसत नसेल, कारण वसुलीच नाही, तर ती गोष्ट वेगळी. मग घरपट्टीवर बोलावं लागेल. दर चार वर्षांनी कर आकारणीची फेरतपासणी व्हायला हवी. किती गावांत होते? नमुना ८ वर, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, अजून पत्र्याचं घर आणि जागेवर दुमजली बंगला. निवडणुकीच्या तोंडावर कुणी कर वाढवत नाही, आणि आपल्याकडे निवडणूक कायमच तोंडावर असते. एक साधं काम करा: आधी सदस्यांची थकबाकी काढा. बिल देऊन मागणी केल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य अपात्र होऊ शकतो, कायद्यात आहे. सदस्यांनी भरला की बाकीच्यांकडे मागायला तोंड राहतं. ज्या गावाची वसुली चांगली, त्या गावाच्या सरपंचाशी गटविकास अधिकारीही वेगळ्या आवाजात बोलतात, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

तिसरी वाट म्हणजे जिल्हा नियोजनचा पैसा. जनसुविधा योजनेत स्मशानभूमी आणि तिकडे जाणारा रस्ता दोन्ही बसतात. तुमच्या कामाला हे शीर्ष सर्वात सरळ आहे. फक्त तिथे पालकमंत्र्यांचं आणि आमदारांचं वजन चालतं. ग्रामविकास खात्याच्या ‘२५-१५’ या लेखाशीर्षाखालच्या निधीचंही तेच. गंमत अशी की ७३वी दुरुस्ती लागू झाली त्याच १९९३ सालाच्या डिसेंबरात खासदार निधी सुरू झाला. एका हातानं गावाला अधिकार, दुसऱ्या हातानं गावातलं काम ठरवायचा अधिकार खासदाराला. आमदारांचा निधीही आहेच. पण सरपंच म्हणून तुम्हाला तत्त्व धरून बसणं परवडणार नाही. आमदारांकडे जा, पण हातात ग्रामसभेचा ठराव आणि इंजिनिअरचं अंदाजपत्रक घेऊन जा. कागद तयार असलेलं गाव मार्चमध्ये नशीबवान ठरतं, कारण तेव्हा निधी परत जाऊ नये म्हणून सगळेच काम शोधत असतात.

तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी भागात असेल तर वरचं बरंचसं बदलेल. त्या भागातल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा १९९६ चा, आपले नियम २०१४ चे. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला मिळतो आणि ग्रामसभेचा अधिकार बराच मोठा आहे. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तुम्ही ऐकलं असेल, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबू त्यांनी स्वतः विकला. त्यांच्या घोषणेची आपण वाहवा करतो. पण ते गाव वर्षानुवर्षं बसून एकमतानं निर्णय घेत आलंय, आणि तो भाग कुणाला नको असतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो, कारण येत्या वर्षभरात ती तुमच्या गळ्यात पडेल. जलजीवन मिशनची योजना तुमच्या गावात झाली किंवा होत असेल. पैसा केंद्र आणि राज्याचा निम्मा-निम्मा, माणशी ५५ लिटरचा निकष दिल्लीचा, नकाशा आणि ठेकेदार जिल्ह्याचा. काम संपलं की हस्तांतरणाचा कागद सहीला येईल, आणि त्या दिवसापासून वीजबिल तुमचं. एका गावात टाकी झाली, फीत कापली, फोटो निघाले. तीन महिन्यांत बिल थकलं, जोडणी तोडली, आणि लोक पुन्हा जुन्या हातपंपावर. सरपंचानं हस्तांतरणाला डोळे झाकून सही केली होती. शेवटच्या वस्तीच्या शेवटच्या नळाला पाणी येतंय का ते तुम्ही स्वतः, सकाळी, उभं राहून पाहिल्याशिवाय सही करू नका. करारनाम्यात चाचणीचा काळ लिहिलेला असतो, तो वाचा. दबाव येईल. फोन येतील. कुणी रागावलं तर म्हणा, मासिक सभेपुढे ठेवते.

पंधराव्या आयोगाची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. एप्रिल २०२६ पासून अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखालचा सोळावा आयोग. टक्केवाऱ्या आयोगागणिक बदलतात, म्हणून नव्या निधीसाठी नवा शासन निर्णय काढून वाचा, माझ्या आकड्यांवर जाऊ नका. जुन्या शिल्लकीला मात्र जुनीच बंधनं समजून चाला. बंधित पैसा रस्त्याला लावून टाकू, पुढचं पुढे बघू, असं कुणी सुचवेल. ऐकू नका. स्थानिक निधी लेखापरीक्षण दोन-तीन वर्षांनी येतं. तेव्हा सल्ला देणारा बदलून गेलेला असतो आणि वसूलपात्र रकमेसमोर नाव असतं सरपंच आणि ग्रामसेवकाचं.

तर उद्या सकाळी कार्यालयात गेलात की शीर्षनिहाय शिल्लक मागायच्या आधी नमुना २३ मागा, रस्त्यांची नोंदवही. स्मशानभूमीचा रस्ता त्यात आहे का बघा. नसेल तर तो ग्रामपंचायतीचा रस्ताच नाही, आणि त्यावर कुठलाच निधी, केंद्राचा, राज्याचा की स्वतःचा, लावता येणार नाही. वाट कुणाच्या सातबाऱ्यातून जात असेल तर त्या माणसाच्या घरी चहाला जा, संमती लेखी घ्या, मासिक सभेत ठराव करा, नोंद घाला. नोंदवहीत काय निघालं ते इथे कळवा, मग अंदाजपत्रक कुणाकडून करून घ्यायचं ते बोलू.